मेनूत नसलेलं

टेबल ऋजुताने बुक केलेलं. बॉस्टनला,
बाविसाव्या मजल्यावर, खिडकीतून बंदर दिसणारं.
"तुमची बावीस वर्षं, म्हणून बाविसावा,"
असं तिकडून, कॉलेजातून, फोनवर.
मी मोराच्या किनारीची साडी नेसले
आणि वरून तो फुगीर कोट, ज्यात मी
दुलईत गुंडाळलेल्या सिलिंडरसारखी दिसते.

नॅशुआहून निघालो तेव्हा हिमाचा नुसता भुगा उडत होता.
चेम्सफर्डपाशी सगळा रस्ता लाल दिव्यांचा झाला.
पाऊण तास आम्ही एका फर्निचरच्या ट्रकचं बूड पाहिलं.
मग हॉटेलचा फोन, फार गोड आवाजात:
टेबल पंधरा मिनिटंच राखतो आम्ही, क्षमस्व.
तू काही बोलला नाहीस. इंडिकेटर दिलास.

लोवेल.
गोठलेले कालवे, विटांच्या जुन्या गिरण्या,
आता त्यांत फ्लॅट, एखाद्या खिडकीत कुणाचं तरी मांजर.
एका लाँड्रीसमोर उजेड दिसला म्हणून थांबलो,
दुसरं काही कारण नाही.
पाटीवरची अक्षरं आपल्या अक्षरांच्या लांबच्या मावसबहिणी:
चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही.

सहा टेबलं. आपण दोघं, आणि टीव्हीवर कुणीतरी गाणारं.
नूडल्स मागवल्या. बऱ्या होत्या.
खरं सांगते, फक्त बऱ्या.

मग स्वयंपाकघराचं दार उघडलं
आणि तू चमचा खाली ठेवलास.
त्या खिडकीतल्या मांजरासारखी मान वर.
"खारो बांगडो," म्हणालास,
मला नाही, कुणालाच नाही.

मी देशावरची. माझ्या माहेरी
मासा फक्त चित्रं ओळखण्यापुरता.
पहिल्याच वर्षी त्या भाड्याच्या घरात तू सुकट भाजलीस,
धुराचा अलार्म बोंबलला,
शेजारची मिसेस गॅलाघर दारात, नाकावर स्कार्फ,
आणि लाजेने मी तिच्याहून मोठ्यांदा म्हटलं:
या घरात पुन्हा नाही.
तू हो म्हणालास. इतकं सहज
की मी ते विसरूनही गेले.

कोपऱ्यात मालकीणबाई स्वतः जेवायला बसल्या होत्या.
वाडग्यात पातळ भात, वाफाळता,
बशीत तळलेल्या खाऱ्या माशाचे तुकडे
आणि शेजारी, देवा, कलिंगडाच्या फोडी. जानेवारीत.
"हे मेनूत नाही," आपण बघतोय हे बघून त्या म्हणाल्या,
"हे घरचं. म्हाताऱ्या माणसांचं."
"पेज," तू म्हणालास.
"बोबॉ," त्या म्हणाल्या.
आणि दोघांनी मान हलवली,
चुकत माकत का होईना, पत्ता सापडावा तशी.

चान्था त्यांचं नाव. त्यांनी आपलीच बशी मध्ये सरकवली.
खारट, मग थंड गोड, मग पुन्हा खारट.
मीही खाल्लं. आवडलं असं अजून म्हणणार नाही,
पण दुसरा तुकडा मी न विचारता घेतला.
तू वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावलास,
बाविसाव्या मजल्यावर जमलं नसतं तसा,
आणि वाफेने तुझा चष्मा पांढरा झाला.
तू तो पुसशील म्हणून मी वाट बघत होते.
बराच वेळ पुसला नाहीस.

बिलात फक्त नूडल्स.
बिलाच्या पाठीवर त्यांच्या हातचा पत्ता:
पुलापलीकडचं दुकान, शनिवारी लवकर जा,
चांगला मासा दहाला संपतो.

गाडीत ऋजुताचा मेसेज: व्ह्यू कसा होता?
मी लिहिलं, समोर लाँड्री होती.
चार मशीनं फिरत होती.
एकात नुसताच एक लाल टॉवेल.

शनिवारी, साडेअकराच्या सुमारास,
स्टुलावर चढून मी अलार्मवर
माझी आंघोळीची टोपी चढवली, फुलाफुलांची,
आणि आतून तुला हाक मारली:
तवा कुठला घेऊ?